कारखाना कोणाचा?

शिर्डीच्या यात्रेकरूंपैकी वाट वाकडी करून प्रवरानगरला जाणारे थोडेच. तेथे आम्हांस स्मरण होते ते धनंजयराव गाडगीळांचे. 1901 साली नाशिकला जन्मलेले, केंब्रिजला शिकलेले हे अर्थशास्त्रज्ञ पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक होते. सहकारातूनच समाजवाद लोकशाही राहील, अशी त्यांची निष्ठा. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी हाक दिली आणि हे पंडित ऊसवाल्या शेतकऱ्यांच्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. 1950 च्या अखेरीस गळीत सुरू झाले. त्याच वर्षी युगोस्लाव्हियाने कायदा करून कारखाने कामगारांच्या निर्वाचित मंडळांकडे सोपविले होते. तेथे मत मजुराला मिळाले. येथे, भाग किती का असेनात, प्रत्येक सभासद शेतकऱ्याला एक. सावकारी पाहिलेल्या बागाईतदाराला ही केवढी सत्ता! परंतु बॉयलरपाशी राबणारा कामगार आणि हंगामापुरता कोयता घेऊन येणारा तोडणीवाला ह्यांना त्या सभेत स्थान नव्हते. गाडगीळ 1967 साली योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले, 1971 साली निवर्तले. युगोस्लाव्हियाची ती मंडळे पुढे लयास गेली. प्रवरेचा कारखाना उभा आहे. तोडणीवाल्याला, तोडणीवाला म्हणून, तेथे आजही मत नाही.