डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर

महाभारत वाचणारे लोक महाराष्ट्रांत पुष्कळ झाले. परंतु मूळ महाभारताचे श्लोक नेमके कोणते, हा प्रश्न उराशीं धरून आयुष्याचीं सतरा-अठरा वर्षें वेंचणारे थोडेच. त्यांत अग्रमान डॉ. सुखठणकर यांचा आहे.

त्यांचा जन्म १८८७ सालीं झाला. केंब्रिज येथें ते गेले ते गणित शिकावयास. पुढें बर्लिन येथें प्रोफेसर ल्यूडर्स यांजपाशीं त्यांनीं संस्कृताचें अध्ययन केलें. स्वदेशीं परतल्यावर कांहीं काळ ते पुराणवस्तुसंशोधन खात्यांत होते, आणि १९२५ सालीं पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत महाभारताचे प्रमुख संपादक म्हणून आले. गणितांतून संस्कृताकडे वळणें पुष्कळांस विचित्र वाटेल. आम्हांस मात्र त्यांच्या सर्व कार्यावर त्या गणिताचीच छाप दिसते.

हें कार्य १९१९ सालीं सुरू झालें होतें व औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं त्यास उदार आश्रय दिला होता. अडचण द्रव्याची नव्हती असें नाहीं, पण मोठी अडचण निराळीच होती. शारदा, नेपाळी, बंगाली, देवनागरी, तेलुगु, ग्रंथ, मल्याळम् अशा नाना लिपींतील पोथ्या समोर पडलेल्या. एकींत एक शब्द, दुसरींत दुसरा. एकींत चार श्लोक अधिक, तर दुसरींत क्रमच उलटा. एकट्या आदिपर्वाच्या सुमारें २३५ पोथ्या ठाऊक होत्या व त्यांपैकीं सुमारें साठ पाठभेदांसाठीं वापरल्या गेल्या. हें सर्व कोणाच्या स्मरणांत राहणार?

म्हणून प्रत्येक श्लोकास एक स्वतंत्र कागद असे. त्यावर आडव्या-उभ्या रेघा मारून घरें पाडलेलीं. वरच्या ओळींत प्रचलित पाठ. खालीं एकेका पोथीची एकेक ओळ. पाठ जेथें भिन्न असेल तेथें तो भेद त्याच अक्षराच्या खालच्या घरांत लिहावयाचा. उजवीकडे शेऱ्यांसाठीं रुंद रकाना, आणि लांबलचक अधिक मजकुरासाठीं वेगळें शोधपत्र. पुण्याखेरीज तंजावर व शांतिनिकेतन येथेंही असे कागद भरले जात.

यांतील आणखी एक युक्ति विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत घ्यावी. पोथी कोठली, किती जुनी, कोणत्या लिपींतली, हें प्रत्येक पाठाशेजारीं लिहीत बसलें असतें, तर ग्रंथ दसपट फुगून चुकाही तितक्याच वाढल्या असत्या. म्हणून प्रत्येक पोथीस लिपीचें आद्याक्षर व एक अंक अशी खूण दिली. पोथीचें वर्णन प्रस्तावनेंत एकदांच. श्लोकाखालीं केवळ खूण. १९७० सालीं कॉड नांवाच्या गणितज्ञानें संगणकांतील माहिती कोष्टकांत मांडून खुणांनीं परस्परांशीं जोडावी, असा सिद्धान्त मांडला. आज आगगाडीचें तिकीट घरबसल्या काढतां येतें त्यामागें अशींच कोष्टकें सज्ज केलेलीं असतात. कॉड यांनीं पुण्याचे कागद पाहिले होते असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. परंतु एक गोष्ट एकाच ठिकाणीं लिहावी व अन्यत्र तिची खूण द्यावी, ही शिस्त दोहोंकडे एकच.

या शिस्तीची कसोटी कठीण होती. व्यास सांगत आहेत व गणपति लिहीत आहेत, ही कथा आपल्या घरोघरीं मुलांस ठाऊक असते. परंतु कित्येक महत्त्वाच्या पोथ्यांत ती मिळेना. सुखठणकरांनीं ती मूळ पाठांतून काढून परिशिष्टांत घातली. ती फेंकून दिली नाहीं, हें विसरूं नये. एकही पाठ न गमावतां जो तो आपल्या जागीं ठेवणें हेंच तर त्यांचें व्रत. तरी लोकप्रिय कथेस हात लावावयास धैर्य लागतेंच.

१९३३ सालीं आदिपर्व पूर्ण झालें. त्यानंतर नेपाळांतून आदिपर्वाची एक अतिप्राचीन पोथी हातीं आली. तिनें त्यांच्या निर्णयांस मोठी पुष्टि दिली. १९४२ सालीं त्यांचें आरण्यकपर्व प्रसिद्ध झालें. महाभारताच्या अर्थावर मुंबई विद्यापीठांत ते व्याख्यानें देत होते. शेवटचें व्हावयाचें राहिलें, आणि २१ जानेवारी १९४३ रोजीं त्यांचा अंत झाला.

पुढें डॉ. बेलवलकर व डॉ. वैद्य यांनीं तें कार्य चालविलें व १९६६ सालीं सिद्धीस नेलें. कालांतरानें जपानचे प्रोफेसर तोकुनागा यांनीं सर्व संहिता संगणकावर उतरविली व केंब्रिजच्या डॉ. स्मिथ यांनीं ती शोधून शुद्ध केली. आज कोणीही तींत पर्व, अध्याय व श्लोक यांचे अंक घालून हवा तो श्लोक काढतो. ते अंक पुण्याच्या प्रतींतलेच आहेत.