जीन रीस (१८९०–१९७९) : जीवन आणि वसाहतोत्तर संकल्पना

प्रास्ताविक

वसाहतोत्तर साहित्याच्या अभ्यासात ‘संमिश्रता’, ‘अन्यत्व’, ‘विस्थापन’ आणि ‘प्रतिलेखन’ या संज्ञा वारंवार येतात. त्यांच्या व्याख्या पाठ करणे सोपे असते. पण त्यांमागील अनुभव ध्यानात आल्याखेरीज त्या आत्मसात होत नाहीत. म्हणून येथे इंग्रजी कादंबरीकार जीन रीस यांच्या चरित्राच्या आधारे आपण त्यांचा परिचय करून घेऊ.

१. संमिश्रता

रीस यांचा जन्म २४ ऑगस्ट १८९० रोजी कॅरिबियन समुद्रातील डॉमिनिका बेटावर, रोझो येथे झाला. त्यांचे मूळ नाव एला ग्वेंडोलिन रीस विल्यम्स. वडील वेल्समधून आलेले डॉक्टर होते. आई बेटावरच स्थायिक झालेल्या, मूळच्या स्कॉटिश मळेवाल्या घराण्यातील होती. वसाहतीत जन्मलेल्या अशा युरोपीय वंशाच्या लोकांना ‘गोरे क्रिओल’ म्हणत. आईच्या पूर्वजांच्या मळ्यावर गुलाम राबत असत. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपुष्टात आली. परंतु तिने निर्माण केलेला दुरावा संपला नाही. कृष्णवर्णीय बहुसंख्याकांच्या दृष्टीने ही कुटुंबे शोषकांची होती, तर इंग्लंड त्यांना अस्सल इंग्रज मानीत नव्हते.

२. अन्यत्व आणि विस्थापन

१९०७ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, रीस शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. केंब्रिजच्या शाळेत त्यांच्या बोलण्याची थट्टा झाली. पुढे लंडनच्या नाट्यशिक्षण संस्थेतही त्यांचा कॅरिबियन उच्चार आड आला. इंग्रजी ही त्यांची मातृभाषाच होती, तरीही उच्चारावरून त्या परक्या ठरल्या. केंद्राने परिघावरील माणसाला असे वेगळे पाडणे म्हणजेच ‘अन्यत्व’ लादणे होय.

फिरत्या नाटकमंडळीत समूहनर्तकी म्हणून त्यांनी उदरनिर्वाह केला. १९१९ मध्ये युरोप खंडात जाऊन त्यांनी विवाह केला. पॅरिसमध्ये फोर्ड मॅडॉक्स फोर्ड यांच्या प्रोत्साहनाने १९२७ मध्ये त्यांचा पहिला कथासंग्रह निघाला. ‘व्हॉयेज इन द डार्क’ (१९३४) या कादंबरीची नायिका त्यांच्यासारखीच कॅरिबियन बेटावरून इंग्लंडमध्ये आलेली नर्तकी आहे. डॉमिनिकाला मात्र त्या १९३६ मध्ये एकदाच परतल्या. १९३९ च्या कादंबरीनंतर त्या साहित्यविश्वातून दिसेनाशा झाल्या. त्या हयात नसाव्यात, असाच अनेकांचा समज होता. १९४९ मध्ये एका अभिनेत्रीने जाहिरात देऊन त्यांचा शोध घेतला.

३. प्रतिलेखन

शार्लट ब्राँटे यांच्या ‘जेन एअर’ (१८४७) या कादंबरीत रॉचेस्टरची पहिली पत्नी बर्था ही जमैकाहून आणलेली, माळ्यावर कोंडलेली वेडी स्त्री आहे. तिला स्वतःचे म्हणणे मांडण्याची संधी नाही. रीस यांनी तिला ‘वाइड सरगॅसो सी’ (१९६६) मध्ये भूतकाळ, बालपण आणि आवाज दिला. तिचे मूळ नाव त्यांनी अँटोइनेट असे कल्पिले; ‘बर्था’ हे नाव पती तिच्यावर लादतो. नाव बदलणे हेही सत्तेचेच कृत्य आहे, हे येथे लक्षात घ्यावे. उलट, पतीला लेखिकेने अखेरपर्यंत नाव दिलेले नाही. केंद्राच्या मान्यताप्राप्त कलाकृतीला परिघावरून दिलेल्या अशा उत्तरास ‘प्रतिलेखन’ म्हणतात.

डेव्हनमधील खेड्यात, आजारी पतीची शुश्रूषा करीत त्यांनी ही कादंबरी पूर्ण केली. वयाच्या शहात्तराव्या वर्षी कीर्ती लाभली. ती फार उशिरा आली, अशी त्यांची भावना होती. १४ मे १९७९ रोजी त्यांचे निधन झाले.

४. मर्यादा

रीस यांनी आवाज दिला तो गोऱ्या क्रिओल स्त्रीला. कृष्णवर्णीय क्रिस्टोफीन स्पष्टपणे बोलते. पण कथा संपण्यापूर्वीच ती बाजूला होते. गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी १९८५ च्या निबंधात या मुद्द्याकडे लक्ष वेधले. एका मुक्या पात्राला वाचा देताना दुसरे कोणी मुके राहते का, हा प्रश्न प्रत्येक प्रतिलेखनाला विचारावा लागतो. मळेवाल्यांच्या वंशात जन्मलेल्या रीस यांच्या बाबतीत तो अधिकच टोकदार होतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. रीस यांच्या जीवनातील कोणत्या प्रसंगांतून ‘अन्यत्व’ स्पष्ट होते?
२. नाव बदलणे आणि सत्ता यांचा संबंध सोदाहरण सांगा.
३. आपण वाचलेल्या एखाद्या मराठी कादंबरीतील गौण पात्राच्या दृष्टीने तीच कथा दहा ओळींत लिहा. त्यातही कोणाचा आवाज सुटला, ते नोंदवा.