डॉ. होमी भाभा : संशोधनाचे दार उघडणारा शास्त्रज्ञ

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. वडिलांच्या इच्छेनुसार ते केंब्रिजला अभियांत्रिकी शिकण्यास गेले. परंतु त्यांचे मन ओढ घेत होते पदार्थविज्ञानाकडे. अभियांत्रिकीत पहिला वर्ग मिळवून त्यांनी वडिलांचा शब्द राखला आणि १९३५ साली विश्वकिरणांवरील संशोधनाबद्दल डॉक्टरेट संपादन केली.

१९३९ साली ते सुटीसाठी मायदेशी आले. महायुद्ध पेटले आणि परतीची वाट बंद झाली. बंगळूरला अध्यापन करीत असताना एक विचार त्यांच्या मनात पक्का झाला : आपल्या मुलांनी संशोधनासाठी परदेशाकडेच का पाहावे? त्यांनी टाटा विश्वस्त निधीकडे योजना मांडली आणि १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. तिचा कारभार पुढे मुंबईला आला.

याच संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या तरुण गटाने १९६० साली 'टिफ्रॅक' हा संगणक स्वतः बांधून पूर्ण केला. १९६४ साली अमेरिकन बनावटीचे 'सीडीसी ३६००' हे मोठे यंत्रही आले.

यंत्र एक आणि कामे अनेक झाली, की नवा प्रश्न उभा राहतो. पांझरेकाठची फड पद्धत आपल्याला ठाऊक आहेच. बंधारा एक, पाट एक, शेते मात्र पुष्कळ. म्हणून पाटकरी पाळीने पाणी सोडतो. संगणकातला असा पाटकरी म्हणजे 'ऑपरेटिंग सिस्टिम'. दोन कामांनी एकाच वेळी एकाच जागी हात घातला तर उत्तर चुकते. दोघे एकमेकांसाठी खोळंबले तर सारेच ठप्प होते. हा गुंता सोडविणे हा डॉक्टरेटच्या संशोधनाचा मोठा विषय आहे.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ शिखरावरील विमान अपघाताने भाभांना अकाली हिरावून नेले. पण त्यांनी लावलेले झाड वाढत राहिले. त्याच संस्थेतील मथाई जोसेफ, व्ही. आर. प्रसाद व एन. नटराजन यांचा अनेक प्रक्रियकांच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरील ग्रंथ १९८४ साली प्रसिद्ध झाला. २००२ साली संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा लाभला. आज तेथे संगणकशास्त्रात पीएच.डी. करता येते, विद्यावेतनही मिळते. प्रवेश मिळतो तो परीक्षा आणि मुलाखतीतील गुणवत्तेवर.

विद्यार्थी मित्रहो, भाभांना संशोधनासाठी सातासमुद्रापार जावे लागले. आपल्याला साक्रीहून मुंबईच गाठायची आहे. दार त्यांनी उघडून ठेवले आहे. तयारी मात्र आपली आपणच करायला हवी.