सर जॉन माल्कम आणि महाबळेश्वर

शनिवार-रविवारची सुटी साधून मुंबई-पुण्याचे लोक महाबळेश्वरीं जातात. परंतु तेथील पेठेस ज्यांचें नांव मिळालें, त्यांचें चरित्र फार थोड्यांस ठाऊक असतें.

जॉन माल्कम यांचा जन्म २ मे १७६९ रोजीं स्कॉटलंडांतील बर्नफूट येथें झाला. घरीं सतरा भावंडें आणि वडिलांस पैशाची विवंचना. म्हणून चौदावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच हा मुलगा कंपनीच्या फौजेंत दाखल होऊन १७८३ त मद्रासेस उतरला. प्रथम कांहीं काळ त्यानें जुगारांत व कर्जांत दवडला. पुढें मात्र फारशी भाषेचा अभ्यास मनावर घेतला, आणि त्या एका विद्येनें त्याचें दैव पालटलें. १८०० सालीं तो इराणच्या शहाकडे वकील म्हणून गेला. त्या देशाचा इतिहासही त्यानें लिहून १८१५ त प्रसिद्ध केला.

१८१८ त दुसरे बाजीराव माल्कमसाहेबांस शरण आले. पेशवाई बुडविणाऱ्यांपैकींच ते एक होते. तरीही पराभूत शत्रूस सालीना आठ लाख रुपये देण्याचें त्यांनीं कबूल केलें. गव्हर्नर जनरलांस ही रक्कम फार वाटली. पण माल्कम आपल्या शब्दास चिकटून राहिले, आणि बाजीराव हयात असेपर्यंत ती पोंचत राहिली.

१८२७ त ते मुंबईचे गव्हर्नर झाले. सुमारें साडेचार हजार फूट उंचीवरील महाबळेश्वराची थंड हवा आजाऱ्यांस मानवते, हें ध्यानीं येतांच त्यांनीं १८२९ त साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह महाराज यांजकडून तो डोंगर मागून घेतला व मोबदल्यांत वाईकडील खंडाळा गांव दिलें. महाराजांनीं नव्या वसाहतीस माल्कम पेठ असें नांव दिलें. पुढें तेथील रस्ते चिनी कैद्यांनीं बांधले, भाजीपाल्याचे मळेही त्यांनींच फुलविले.

३० मे १८३३ रोजीं लंडन येथें माल्कम निवर्तले. अवघ्या सहा वर्षांनीं, १८३९ त, कंपनीनें त्याच प्रतापसिंहांस पदच्युत करून काशीस धाडलें. तेथेंच १८४७ त त्यांचा अंत झाला. एका माणसानें जोडलेला स्नेह त्याच्या सरकारानें राखला नाहीं.

विद्यार्थ्यांनो, पुढच्या सुटींत त्या थंड हवेंत फिरतांना डोंगर देणारा राजा व रस्ता खणणारे कैदी यांचेंही स्मरण ठेवा. दिलेला शब्द पाळणें हें बलवानाचें पहिलें कर्तव्य होय, हें या चरित्रावरून ध्यानांत घ्यावें.