एम-थ्रीवाला लाप्लास

एम-थ्रीत केटी लागली की आपण आधी ज्याला शिव्या घालतो तो लाप्लास. मीही घातल्या. पण दिवाळीत माझ्या चार वर्षांच्या मावसभावाचं दुर्बिणीचं ऑपरेशन ठरलं, आणि मी इंजिनिअरिंगला आहे कळल्यावर भूलतज्ज्ञ मॅडमनी हेच नाव घेतलं! दिव्याला घरी येऊन लाप्लास वाचून काढला.

पिएर-सिमॉं लाप्लास १७४९ साली फ्रान्सच्या नॉर्मंडीत जन्मला. घरच्यांना पाद्री हवा होता, हा पठ्ठ्या गणित घेऊन पॅरिसला गेला. तिथे दालांबेरने त्याला लष्करी शाळेत नोकरी मिळवून दिली. १७८५ मध्ये त्याने नेपोलियनची परीक्षा घेतली. त्याच नेपोलियनने १७९९ मध्ये त्याला गृहमंत्री केलं आणि सहा आठवड्यांत काढलंही. सरकार बदललं की लाप्लासची निष्ठा बदलायची, हे मला काही आवडलं नाही.

श्वासाशी त्याचा संबंध जुना. लाव्हाझिएबरोबर त्याने गिनीपिगला बर्फाच्या भांड्यात ठेवून वितळलेलं पाणी मोजलं. श्वसन म्हणजे संथ ज्वलन, हे त्यातून निघालं. लाव्हाझिए १७९४ मध्ये गिलोटिनवर गेला, लाप्लास वाचला.

मॅडमचं सूत्र १८०६ चं. गोल पृष्ठभागाच्या आतला जादा दाब म्हणजे पृष्ठताणाची दुप्पट भागिले त्रिज्या. बुडबुडा जेवढा लहान, तेवढा मिटायला उतावीळ. आपल्या फुप्फुसातले वायुकोश साधारण असेच (ते सुटे नसतात, एकमेकांना धरून असतात, पण हिशेब कळायला सूत्र पुरतं). सर्फॅक्टंटचा थर ताण कमी ठेवतो म्हणून ते उघडे राहतात. पण भूल दिली की स्नायू सैलावतात. त्यात दुर्बिणीसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरला की छातीखालचा पडदा वर ढकलला जातो. सकाळी दिव्याला लोकलमध्ये चढणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. मुलांच्या बरगड्या मऊ, वायुकोश लहान. फुप्फुसाचा काही भाग मिटतो आणि रक्तातला ऑक्सिजन उतरायला लागतो.

म्हणून श्वास सोडून झाला तरी भूलतज्ज्ञ आत थोडा दाब शिल्लक ठेवतात, बहुतेक वेळा ५ सेंटिमीटर पाण्याएवढा. मिटलेला भाग दाब हळूहळू वाढवून उघडतात. फुग्याला पहिली फुंकरच जड जाते ना, तसंच. उघडलेला मिटू न देणं सोपं.

५ मार्च १८२७ ला लाप्लास पॅरिसमध्ये वारला. भूल त्याच्यानंतर जवळपास वीस वर्षांनी आली, म्हणजे आपलं सूत्र कुठे कामाला येणार याची त्याला कल्पना नव्हती. दुसऱ्या दिवशी भाऊ पलंगावर बसून बिस्किटं मागत होता. माझा केटीचा फॉर्म मात्र अजून भरायचाय.