समाजशास्त्राचा आद्य प्रणेता : इब्न खल्दून

सामाजिक शास्त्रांच्या अध्यापनाविषयी आज शिक्षणक्षेत्रात पुष्कळ विचारमंथन चालू आहे. सनावळ्या आणि राजांच्या नावांचे पाठांतर म्हणजे इतिहास नव्हे, घटनेमागील कारणे विद्यार्थ्याने शोधली पाहिजेत आणि साधनांची पारख त्याला करता आली पाहिजे, असा आग्रह धरला जातो. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने घोकंपट्टीला विरोध केला. महाराष्ट्रात २०१८ साली आलेल्या दहावीच्या पाठ्यपुस्तकात तर इतिहास कसा लिहिला जातो यावरच स्वतंत्र पाठ आहेत. हे सारे नवे वाटते. परंतु सुमारे साडेसहाशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेतील एका मुस्लिम विद्वानाने हाच विचार अतिशय स्पष्टपणे मांडला होता. त्या थोर पुरुषाचे नाव अब्दुर्रहमान इब्न खल्दून.

इब्न खल्दून यांचा जन्म २७ मे १३३२ (हिजरी ७३२, १ रमजान) रोजी ट्यूनिस येथे झाला. त्यांचे पूर्वज मूळचे अरबस्तानातील हजरमौतचे. पुढे ते स्पेनमधील सेव्हिल शहरात नावारूपाला आले आणि तेथील मुस्लिम सत्ता संपण्याच्या सुमारास ट्यूनिसला येऊन स्थायिक झाले. घरात विद्येचे वातावरण होते. कुरआन, हदीस, फिकह, अरबी व्याकरण यांचे शिक्षण झाले आणि आबिली या गुरूंकडून गणित व तर्कशास्त्राची गोडी लागली. मात्र १३४८-४९ च्या भीषण प्लेगमध्ये आई-वडील आणि अनेक गुरुजन त्यांनी गमावले. त्या वेळी ते सोळा-सतरा वर्षांचे होते. एका साथीत भरलेली शहरे कशी ओस पडतात आणि समाजाची घडी कशी विस्कटते, हे त्यांनी कोवळ्या वयात पाहिले.

वयाच्या विशीत ते राजदरबारी नोकरीत शिरले. ट्यूनिस, फेज, ग्रॅनडा, बिजाया अशा अनेक दरबारांत त्यांनी कामे केली. फेजमध्ये कटाच्या संशयावरून सुमारे पावणेदोन वर्षे तुरुंगवास भोगला. १३६४ मध्ये ग्रॅनडाच्या सुलतानाचे वकील म्हणून ते कॅस्टिलच्या ख्रिस्ती राजाकडे, आपल्या पूर्वजांच्या सेव्हिल शहरी गेले. राजाने त्यांची वडिलार्जित मालमत्ता परत देऊन त्यांना ठेवून घेण्याची तयारी दाखविली. पण त्यांनी ती नम्रपणे नाकारली. सत्ता मिळते कशी, टिकते कशी आणि हातची जाते कशी, याचा अनुभव त्यांनी या वर्षांत जवळून घेतला.

अखेर १३७५ मध्ये राजकारणाला कंटाळून त्यांनी आजच्या अल्जीरियातील कलअत इब्न सलामा या एकाकी गढीत मुक्काम केला. तेथे १३७७ साली अवघ्या पाच महिन्यांत त्यांनी ‘मुकद्दिमा’चा पहिला खर्डा पुरा केला. मुकद्दिमा म्हणजे प्रस्तावना. त्यांच्या प्रचंड जागतिक इतिहासग्रंथाची ही प्रस्तावनाच मूळ ग्रंथाहून अधिक कीर्ती पावली. हवामान व भूगोलाचा माणसावर होणारा परिणाम, टोळीजीवन, राज्यसंस्था, शहरे, उपजीविका आणि ज्ञान व शिक्षण असे सहा विभाग तिच्यात आहेत. आपल्या वर्गातील इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र आणि अर्थशास्त्र यांची सांगड त्यांनी तेव्हाच घातली होती.

त्यांची ‘असबिया’ ही कल्पना प्रसिद्ध आहे. असबिया म्हणजे समूहाची एकजूट. कष्टाचे जीवन जगणाऱ्या टोळ्यांत ती बळकट असते, म्हणून त्या सत्ता मिळवितात. पुढे ऐषआरामात एकजूट ढिली पडते आणि साधारणपणे तीन पिढ्यांत घराणे लयाला जाते. राज्याच्या आरंभी कर हलके असून उत्पन्न भरपूर येते, तर अखेरीस कर जड होऊनही तिजोरी रिकामी राहते, असेही त्यांचे निरीक्षण होते. १९८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रीगन यांनी आपल्या करधोरणाच्या समर्थनार्थ याच विचाराचा दाखला दिला होता.

परंतु शिक्षकाच्या दृष्टीने त्यांची सर्वांत मोठी देणगी म्हणजे बातमीची पारख. पक्षपात, सांगणाऱ्यावर आंधळा विश्वास आणि समाजाच्या स्वभावाविषयीचे अज्ञान यांमुळे इतिहासात असत्य शिरते, असे ते सांगतात. हजरत मूसा (अलैहिस्सलाम) यांच्या सैन्यात सहा लाखांहून अधिक लढवय्ये होते, ही इतिहासकारांनी नोंदविलेली संख्या त्यांनी तपासली. मधल्या चार पिढ्यांत एवढी प्रजा वाढेल काय? एवढे सैन्य एका रणांगणावर मावेल काय? एका टोकाची खबर दुसऱ्या टोकाला कळेल काय? असे साधे प्रश्न विचारून त्यांनी ती अशक्य ठरविली. सांगणारा मोठा आहे एवढ्याने आकडा खरा ठरत नाही, हा धडा त्यांनी दिला.

याची दुसरी बाजू हिंदुस्थानशी निगडित आहे. इब्न बतूता दिल्लीहून परतल्यावर सुलतान मुहंमद तुघलकाच्या औदार्याच्या नवलकथा सांगू लागला, तेव्हा मोरोक्कोतील लोक त्याला खोटारडा म्हणू लागले. इब्न खल्दून यांनाही शंका आली. तेव्हा एका वजिराने त्यांना तुरुंगात वाढलेल्या मुलाची गोष्ट ऐकविली. त्या मुलाने उंदरांखेरीज दुसरा प्राणी पाहिला नव्हता. म्हणून बापाने मेंढीचे वर्णन केले तरी ती उंदराचीच जात असावी असे त्याला वाटे. आपण पाहिले नाही म्हणून खोटे, हेही चूकच. विश्वासही घाईने नको, अविश्वासही नको.

अध्यापनपद्धतीविषयीही त्यांनी मौलिक विचार मांडले. विषय एकदम न शिकविता तीन आवर्तनांत, सोप्याकडून कठीणाकडे न्यावा. मारझोडीने मूल खोटे बोलू लागते, लबाडी शिकते आणि त्याचा उत्साह मरतो. वर्गात मुकाट बसून पाठ करणाऱ्यापेक्षा चर्चा करणारा विद्यार्थी लवकर तयार होतो. म्हणूनच मोरोक्कोत मदरशातील मुदत सोळा वर्षांची आणि ट्यूनिसमध्ये पाचच, असे त्यांनी नोंदविले.

१३८२ मध्ये ते इजिप्तला गेले. अल-अजहरमध्ये त्यांनी अध्यापन केले आणि १३८४ मध्ये मालिकी पंथाचे प्रमुख काजी झाले. त्याच सुमारास त्यांच्याकडे निघालेले कुटुंबीय जहाज बुडून मरण पावले. निःस्पृह न्यायामुळे शत्रू वाढले. काजीपद अनेकदा गेले आणि पुन्हा आले. १४०१ मध्ये तैमूरने दमास्कसला वेढा दिला असता, सत्तरीकडे झुकलेले इब्न खल्दून तटावरून दोराने खाली उतरून त्याला भेटले. तैमूरच्या इच्छेवरून त्यांनी त्याला मगरिब प्रदेशाची माहिती लिहून दिली. १७ मार्च १४०६ रोजी कैरो येथे त्यांचे निधन झाले.

ते निर्दोष होते असे नाही. स्वतःच्या कसोट्या त्यांनी स्वतःच्या इतिहासात सर्वत्र पाळल्या नाहीत, आणि दक्षिणेकडील कृष्णवर्णीय लोकांविषयीची त्यांची मते त्या काळच्या पूर्वग्रहांनी डागाळलेली आहेत. हेही आपण विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. त्यांच्याच कसोटीवर त्यांना पारखणे हा त्यांचा अनादर नव्हे.

आज मोबाईलवर क्षणोक्षणी खऱ्याखोट्या बातम्या येतात. कधी त्यांत आपल्या पूर्वजांचा अवास्तव गौरव असतो, कधी त्यांची अवास्तव निंदा. पहिलीने मूल फुगते, दुसरीने खचते. आणि दोन्हींनी शेजाऱ्या-शेजाऱ्यांत अंतर पडते. अशा वेळी इब्न खल्दून आमचे, एवढाच अभिमान बाळगून भागणार नाही. निंदा तपासावी, तशी स्तुतीही तपासावी. हे शक्य आहे काय, कोणी सांगितले, का सांगितले, हे तीन प्रश्न आपल्या शाळांतील प्रत्येक मुलामुलीच्या ओठी यावेत. तीच या थोर शिक्षकाला खरी आदरांजली ठरेल.