सर जॉन स्टेनर : ऑर्गनवादक आणि प्राचीन संगीताचे संशोधक

सर जॉन स्टेनर (१८४०–१९०१) यांचे नाव इंग्लंडमध्ये सर्वतोमुखी झाले ते मुख्यतः 'द क्रूसिफिक्शन' (१८८७) या भक्तिसंगीतरचनेमुळे. सामान्य चर्चच्या गायकवृंदालाही पेलेल अशी ही रचना असल्याने तिचा प्रसार झपाट्याने झाला. पुढील पिढीच्या समीक्षकांनी तिच्यातील भावविवशतेवर कठोर टीका केली आणि त्या टीकेची छाया स्टेनर यांच्या समग्र कार्यावर पडली. मध्ययुगीन संगीताच्या हस्तलिखितांविषयीचे त्यांचे संशोधन त्यामुळे झाकोळले गेले. वस्तुतः संगीताच्या इतिहासावर त्यांचे खरे ऋण आहे ते या संशोधनाचे.

स्टेनर यांचा जन्म ६ जून १८४० रोजी लंडनमधील सदर्क येथे झाला. बालपणीच एका अपघातात त्यांच्या डाव्या डोळ्याची दृष्टी गेली. तथापि सेंट पॉल कॅथीड्रलच्या बालगायकांत त्यांची निवड झाली आणि चर्चसंगीताचे संस्कार त्यांच्यावर तेथेच घडले. १८५७ मध्ये सर फ्रेडरिक औसली यांनी टेनबरी येथे नुकत्याच स्थापन केलेल्या सेंट मायकेल्स कॉलेजात ते ऑर्गनवादक झाले. औसली यांच्या संग्रहातील जुन्या संगीतग्रंथांचा सहवास त्यांना येथे लाभला. १८६० मध्ये ते ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात आले. तेथील अध्यापक हेन्री ब्रॅमली यांच्यासमवेत त्यांनी संपादिलेल्या ख्रिसमस-गीतांच्या संग्रहाने (१८७१) अनेक पारंपरिक गीतांना आज रूढ असलेले रूप दिले.

१८७२ मध्ये सेंट पॉलचे ऑर्गनवादकपद त्यांच्याकडे आले. तेथील ढिसाळ गायनाला त्यांनी शिस्त लावली आणि गायकवृंद वाढविला. १८७४ मध्ये स्थापन झालेल्या 'म्युझिकल असोसिएशन' या विद्वत्संस्थेमागेही त्यांचीच प्रेरणा होती. मात्र उरलेल्या डोळ्याची दृष्टीही मंदावत गेल्याने १८८८ मध्ये त्यांनी हे पद सोडले. त्याच वर्षी त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. १८८९ ते १८९९ या काळात ते ऑक्सफर्ड येथे संगीताचे प्राध्यापक होते.

याच उत्तरायुष्यात, दृष्टी साथ देत नसताना, त्यांनी दृष्टीचीच सर्वाधिक कसोटी पाहणारे काम अंगावर घेतले. व्हेनिसच्या कानोनिची यांच्या संग्रहातून १८१७ मध्ये बॉडलियन ग्रंथालयात आलेल्या एका हस्तलिखितात पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातील तीनशेहून अधिक रचना होत्या. त्यांत गियोम द्यूफाय, बँश्वा आदी रचनाकारांची फ्रेंच, इटालियन व लॅटिन गीते होती. निरनिराळे आवाज स्वतंत्रपणे लिहिलेले, तालविभाग दाखविणाऱ्या रेषांचा अभाव, आणि स्वराचे मूल्य संदर्भानुसार बदलणारे. अशा लिपीचे वाचन म्हणजे केवळ प्रतिलेखन नव्हे, तर अर्थनिर्णयच होय. कोणते अक्षर कोणत्या स्वराखाली येते, हा प्रश्नही पदोपदी उभा राहतो. जुन्या पोथ्यांच्या संपादकांना या अडचणी परक्या वाटणार नाहीत.

स्टेनर यांचा पुत्र व कन्या यांनी यांतील पन्नास रचनांचे आधुनिक स्वरलिपीत रूपांतर केले, ग्रंथपाल निकल्सन यांनी प्रस्तावना लिहिली आणि स्टेनर यांनी संगीताचे चिकित्सक विवेचन केले. 'द्यूफाय आणि त्यांचे समकालीन' या विषयावरील हा इंग्रजी ग्रंथ १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. पॅलेस्ट्रिनापूर्व संगीत म्हणजे केवळ रुक्ष गणिती रचना, असा समज तेव्हा प्रचलित होता. प्रत्यक्ष संहिता हाती आल्याने तो समज तपासून पाहणे शक्य झाले. सुमारे ११८५ ते १५०५ या काळातील बॉडलियन हस्तलिखितांची छायाचित्रे व रूपांतरे देणारा 'अर्ली बॉडलियन म्युझिक' हा ग्रंथ १९०१ मध्ये निघाला. मूळ पानाची प्रतिकृती वाचकापुढे ठेवल्यामुळे संपादकाचा प्रत्येक निर्णय पडताळता येऊ लागला.

३१ मार्च १९०१ रोजी इटलीतील व्हेरोना येथे स्टेनर यांचे निधन झाले. पुढे द्यूफाय यांच्या रचनांच्या अधिक काटेकोर आवृत्त्या निघाल्या आणि स्टेनर कुटुंबाची काही वाचने मागे पडली. परंतु संगीताचा इतिहास ऐकीव मतांवर नव्हे, तर वाचलेल्या संहितेवर उभारला पाहिजे, ही दृष्टी इंग्लंडमध्ये रुजविणाऱ्यांत त्यांचे स्थान अग्रभागी आहे.